खाल्ल्या मिठाचा उगम

इस्लामपूर,
६ नोव्हेंबर २०२५

अर्जुना,

फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड. तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या दाजींचा केलास, शाळेतल्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. आता पोस्टमनला कसा ब्लॉक करतोस ते बघते. पत्ता गुंडाकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, आधी तोही सांगत नव्हता. मी तीनदा फोन करून त्याचं डोकं उठवलं तेव्हा म्हणाला की तू लोणंदच्या मार्केटात कांद्याची पोती उचलतोस आणि गाळ्यामागच्या खोलीत राहतोस. मेंढरांच्या मागं वीस मैल चालणारा माणूस खोलीत कसा झोपतो, देव जाणे.

कामाचं लिहिते. आमच्या शिक्षकांनी मुलांसाठी वाक्प्रचारांची पुस्तिका काढायचं ठरवलंय. प्रत्येकाला एक वाक्प्रचार, आणि त्याचे तीन रकाने: अर्थ, उगम, वाक्यात उपयोग. चिठ्ठ्या टाकल्या. प्रियदर्शनी मॅडमना 'पोटात कावळे ओरडणे' आला, त्या दिवसभर खूश. मला आला 'खाल्ल्या मिठाला जागणे'. मी म्हटलं, बदलून द्या. हेडमास्तर म्हणाले, "अहो मॅडम, सगळ्यांत सोपा तुम्हाला आलाय!"

अर्थ सोपा आहेच. ज्याचं अन्न खाल्लं त्याच्याशी इमान राखणे. धनी मीठ देतो, चाकर खातो आणि जन्मभर मान खाली घालतो. मीही दहा वर्षं वर्गात हेच शिकवत आले. पण आबा आपल्याला वेगळं सांगायचा, आठवतं का? मेंढरांसाठी पसरट दगडावर खडेमीठ ठेवायच्या आधी तो एक खडा स्वतःच्या जिभेवर ठेवायचा. मग म्हणायचा, "आदी द्येनाऱ्यानं खायाचं, मंग मेंढरानं. मिठाला आपुन जागायचं, मेंढरानं न्हवं." त्यामागं त्याच्या आज्याची काहीतरी गोष्ट होती. मला ती अर्धीच आठवते. आबाला विचारायचं धाडस माझ्यात नाही. तुला आठवत असेल तर चार ओळी लिहून पाठव. उगमाचा रकाना कोरा आहे.

एवढंच काम होतं, असं लिहून पाकीट चिकटवणार होते. तीनदा उठले, तीनदा बसले. एकदा धुतलेले कपडे पुन्हा भिजत घातले. तर दुसरंही लिहिते. गुंडा म्हणाला, सात डिसेंबरच्या रविवारी बिरोबापुढं आबा कळपाची काठी त्याच्या हातात देणार. एकदा देवापुढं दिली की झालं, मग तुझं मेंढरांवर काही राहत नाही. गुंडाला ती नकोय. तो म्हणतो, "आक्का, अर्जुनाची काठी हाय ती. मला ती हातात बोचती."

माझ्या सासरच्या रानात चौदा मेंढरं मेली त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. तू कळप ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात घातलास आणि तो मेंढरांना बाधला, असं सगळ्यांनी ठरवलं. आबानं चार माणसांदेखत तुझ्या हातातली काठी काढून घेतली. तू एक शब्द बोलला नाहीस. कसा रे नाही बोललास? सात तारखेच्या आत ये आणि आबाशी बोल. नाहीतर निदान माझ्याशी तरी.

तुझी,
माया आक्का


इस्लामपूर,
१७ नोव्हेंबर

अर्जुना,

अकरा दिवस झाले. स्पीडपोस्टवाल्याकडे तुझी सही आहे, म्हणजे पत्र मिळालं. सही अजून तशीच करतोस, 'र्जु'चा रफार भलतीकडेच. लहानपणी मी तुला पाटीवर शंभरदा गिरवायला लावला होता. व्यर्थ.

आज वर्गात मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगितला. अंकिता नावाची एक आगाऊ पोरगी आहे, तिनं लिहिलं: 'आमचं मांजर खाल्ल्या मिठाला जागत नाही, ते जेवतं आमच्याकडे आणि झोपतं शेजारी.' वर्ग हसला, मीही हसले. आणि मग मला तिथं उभं राहवेना. सासरची भाकरी खाऊन माहेराकडे बघणारी बाई ते मांजर, की माहेरचं खाऊन सासरी झोपणारी? मी पोरांना शुद्धलेखन दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

ती अर्धी गोष्ट मला परवा आठवली. न आठवती तर बरं होतं. आबाच्या आज्यानं एकदा नदीकाठच्या गावात कुणीतरी दिलेलं मीठ न चाखता मेंढरांना घातलं. त्यात काय होतं कुणास ठाऊक, पण अर्धा कळप गेला. त्यानंतर तो जिथं जिथं खतासाठी रानात मेंढरं बसवायला जायचा, तिथं आधी रानाच्या मालकाला सांगायचा, "माज्या हातनं मेली हायती. आता बसवायची का न्हाई ते तुमी ठरवा." आणि लोक हटकून त्यालाच बोलवायचे. आबाच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या लोकांत मिठाला जागणं हे तिथून आलं. पुस्तकात हे कुठं सापडणार नाही, आणि खरं-खोटं तो आजाच जाणे.

आता त्या दिवसाचं. तुला माहीत आहे तेच लिहिते, पण लिहू दे. तीन पिढ्या आपली मेंढरं ह्यांच्या रानात बसतात, आणि त्याच घरात मी सून होऊन आले. दरवर्षी तुम्ही यायचात ते चार दिवस माझे सण असायचे. गेल्या नऊ डिसेंबरला तू दुपारी घरी जेवायला आलास. मी वांग्याचं कालवण केलं होतं. तू माझ्या ताटाकडे बघून हसलास, मी तुला पळीनं मारलं. दिवेलागणीला रानात आले. तू मेंढरांभोवती जाळी लावत होतास, आबा बांधावर बसला होता. मी म्हटलं, आज मीठ मी घालते. गोठ्यातल्या पिंपातून घमेलं भरून आणलं, दगडावर ओतलं. मेंढरं आली. किती वर्षांनी माझा तळहात मेंढरांनी चाटला! मला रडायलाच आलं. मग तासाभरात ती थरथरायला लागली, पोटं फुगली, तोंडाला फेस आला. जनावरांचा डॉक्टर येईस्तोवर चौदा आडवी झाली होती. तू सकाळी कापलेल्या ज्वारीच्या रानावरून कळप आणला होतास, तिथं फुटवा होताच. डॉक्टरही म्हणाले, तसं असू शकतं.

दुसऱ्या दिवशी आबानं सगळ्यांदेखत मला विचारलं, "मीठ चाखलंवतंस न्हवं?" मी म्हटलं, "व्हय आबा, चाखलंवतं." चाखलं होतं म्हणून चाखलं म्हटलं. त्यात काही नव्हतं. म्हणजे मिठात. चाखल्याशिवाय मी कशी घालीन? मी त्याची लेक आहे.

हे मी दोनदा वाचलं. खोडत नाही, खोडलं तर कागद वाईट दिसेल.

तू ये. आबाला सांग की ज्वारीत घातली नव्हती. तो तुझं ऐकेल.

आक्का


इस्लामपूर,
२५ नोव्हेंबर

अर्जुना,

तुझा कागद आला. कांद्याच्या गाळ्याच्या पावतीमागं चार ओळी. मी त्या इथं उतरवते, म्हणजे मला पुन्हा पावती उघडायला नको.

'आक्का, सोमवार हुता. तू दुपारी माज्या म्होरं आळणी भाकरी खाल्लीस. मीठ तू चाखलं न्हाईस ह्ये मला तवाच ठावं हुतं. आता पत्र नगं.'

वर्षभर! तुला वर्षभर माहीत होतं आणि तू काठी दिलीस, गाव सोडलंस, पोती उचललीस. मी तुला 'बोल, बोल' म्हणून पत्रं लिहीत होते, आणि तू बोलायचास ते माझ्याविरुद्ध. मला लाज वाटते हे लिहिणं फार थोडं झालं. मला माझ्याच हाताची किळस येते.

तर घे, सगळं घे.

तुझे दाजी सीमेवर गेल्यापासून मी सोमवारी मीठ सोडलं होतं. त्यांना काही होऊ नये म्हणून. घरात फक्त सासूबाईंना माहीत होतं आणि त्या दुपारी तुला. तू हसून म्हणालास, "दाजीला गोळी लागू नये म्हणून वांग्याला मीठ न्हाई व्हय?" म्हणून पळी मारली होती. संध्याकाळी घमेलं भरलं, एक चिमूट उचललीही होती. मग आठवलं, सोमवार. नवस मोडला तर? मी ती चिमूट परत टाकली. नवऱ्याच्या जिवाची इतकी काळजी, आणि आबाची चौदा मेंढरं त्यात गेली.

त्या पिंपात मीठ नव्हतं. म्हणजे तळाला होतं. उंदरांनी युरियाचं पोतं कुरतडलं म्हणून मामंजींनी आदल्या दिवशी सगळा युरिया जनावरांच्या मिठाच्या पिंपात ओतला होता आणि कुणाला सांगायचं विसरले होते. संध्याकाळी गोठ्यात नीट दिसत नाही, पांढरं ते पांढरं. एक बोट जिभेला लावलं असतं तर कळलं असतं. मी ते लावलं दुसऱ्या दिवशी सकाळी. कडू जहर. दोनदा गुळण्या केल्या तरी दुपारपर्यंत तोंडात चव होती.

मी धावत जाऊन मामंजींना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, ते वाईट माणूस नाहीत. पण मग दार लावून म्हणाले, "सूनबाई, गावात बोभाटा हुईल. ह्या नानासोच्या रानात मेंढरं मारली म्हनून पुन्हा कोन धनगर हितं मेंढरांचा वाडा घालंल? आन लोक तुला काय म्हनत्याल, बापाची मेंढरं लेकीनं मारली? ज्वारीचं म्हनत्यात तर म्हनू दे. ह्या घरचं मीठ खातीस, गप ऱ्हा." तासाभरानं आबानं विचारलं आणि मी 'व्हय' म्हणाले. मला कुणी ढकललं नाही, अर्जुना. मामंजींनी गप राहायला सांगितलं होतं. खोटं बोलायला नव्हतं सांगितलं. ते मी माझ्या मनानं केलं. आबाच्या डोळ्यात मी न चाखता मीठ घालणारी लेक झाले असते, ते मला सोसलं नसतं. म्हणून तुझ्यावर ढकललं.

काल दाजींना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. तर म्हणाले, "माज्या नावानं मीठ सोडलंस, मला इचारलंस तरी का? हितं पलटनीच्या लंगरमधी मी दोन-दोन ताटं हाणतोय, आन तू तिकडं आळणी खातीस. जा, आबाला सांग. नानांचं मी बगतो."

पुस्तिकेचं पान दिलं. उगमात आबाच्या आज्याची गोष्ट लिहिली, 'आमच्या घरात अशी सांगतात' एवढी पुस्ती जोडून. वाक्यात उपयोगाचा रकाना कोराच ठेवला. हेडमास्तर म्हणाले, "अहो, एक वाक्य तर लिहा." मला एक वाक्य सुचेना.

पहिली तारीख सोमवार आहे. रजा टाकलीय. तू येऊ नकोस, काही करू नकोस. हे माझं आहे, मी करते.

माया


आटपाडीजवळ, माळावर
३ डिसेंबर

अर्जुना,

आले. सांगितलं. आता बैजवार लिहिते.

सोमवारी सकाळी पिशवी घेऊन निघाले तर मामंजी ओसरीवर बसले होते. "दहा वर्सं ह्या घरचं मीठ खाल्लंस सूनबाई," म्हणाले. मी म्हटलं, "मामंजी, त्या सोमवारी खाल्लं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी मान फिरवली. सासूबाईंनी पिशवीत भाकऱ्या आणि ठेचा घातला. गाडीत मी तो डबा उघडला आणि सोमवार असून ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारची बाई म्हणाली, "लय तिखट दिसतोय." मी म्हटलं, "व्हय."

आबा माळावर एका कोकराच्या खुरातला काटा काढत बसला होता. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, पिंप, युरिया, सोमवार, 'व्हय'. मध्ये एकदाही थांबले नाही, थांबले असते तर पुढचं आलं नसतं. त्यानं मान वर केली नाही. काटा निघाला, कोकरू पळालं. मग विचारलं, "चव कशी आसती त्याची?"

"कडू."

"मंजी चाखलंस तू नंतर."

"दुसऱ्या दिवशी सकाळी. तू विचारायच्या आधी."

तो उठला आणि मेंढरांमागं निघून गेला. मी उन्हात तिथंच बसले. गुंडा पाणी घेऊन आला, मला म्हणाला, "आक्का, सावलीला तरी बस." मला सावलीत बसवेना. चालू लागले की परत यावंसं वाटायचं, आले की पुन्हा उठावंसं. दुपार कलल्यावर आबा आला. हातपाय धुतले. समोर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिशी मी बांदावर बसून हुतो. वाड्यातला म्हातारा मी. चाखायचं काम माजं. मीबी चाखलं न्हाई. लेकीच्या घरचं मीठ कोन चाखून बगतंय?"

मी तेव्हा रडले. त्यानं मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. तुला वाटत असेल की त्यानं मला माफ केलं, तर नाही. मी विचारलंसुद्धा. म्हणाला, "तुजं तुज्यापाशी. चौदा मेंढरं ग्येली ती चुकून. पोरगं ग्येलं ते तुज्या 'व्हय'नं. आयतवारी देवाम्होरं सगळी जमत्याल, तितं उबं ऱ्हाऊन सांगायचं. मामंजीचं नाव घ्यू नगंस. तुजं तेवडं सांग." मी म्हटलं, सांगते. सांगणार आहे.

आणि तुझ्यावरही तो चिडलाय, हे लपवत नाही. "त्याला ठावं हुतं तर माज्याम्होरं का गप बसला? मी बाप हाय का फौजदार?" असं दोनदा म्हणाला. मी म्हटलं, मला सासरी त्रास होईल या भीतीनं. तो म्हणाला, "लेकीला वाचवाया लेक घालवला मी. मला कुनी इचारलं?" मग बराच वेळ विडी पेटवायचा प्रयत्न करत होता. वारं होतं, पेटेना.

आज सकाळी म्हणाला, "त्याला कागुद लिव. मी सांगतो." मी वही काढली. त्यानं सांगायला सुरुवात केली आणि थांबेचना. लंगड्या मेंढीला जुळं झालं. तळ्याला पाणी आहे. साळूबाईच्या म्हाताऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुंडा सकाळी उठत नाही. तू आणलेलं कुत्रं आता मोठं झालंय पण भित्रंच निघालं. लोणंदला थंडी असते, घोंगडं नेलं नाहीस. दोन पानं भरली. मग म्हणाला, "वाच." मी वाचून दाखवलं. तो माळाकडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "खोड समदं."

मी म्हटलं, "आबा, चांगलं आहे की."

"खोड. ह्ये तो आल्यावर बगंलच. आता सांगतो तेवडंच लिव."

मी लिहिलं. त्यानं दोनदा वाचून घेतलं. मग त्याच्याखाली त्याचं नाव घालायला लावलं. तुला ठाऊकच आहे, त्याला लिहिता येत नाही. तेव्हा अक्षर माझं आहे, अर्जुना, पण शब्द त्याचे आहेत. माझ्या तोंडावर तू आता विश्वास ठेवावास असं मी म्हणत नाही. गुंडा समोर बसलाय, त्याला फोन करून विचार. मी यात काही घातलेलं नाही आणि काही गाळलेलं नाही.

'अर्जुना, चुकलं माजं. काठी कुनाला दिली न्हाई. ये.
हरिबा'